क्षेम कळलं, दिवस कळला नाही

दहावीचा निकाल लागला की आमच्या घरी पाहुण्यांची वर्दळ वाढते. परभणीतले, तसेच सेलू, मानवत, जिंतूरकडचे ओळखीतले आई-वडील येतात. कुणाच्या मुलाला शिकवणीसाठी लातूरला ठेवायचं असतं, कुणाची मुलगी नांदेडला निघालेली असते, कुणी थेट कोट्याची चौकशी करत असतं. आणि दर वर्षी एखाद-दुसरं घर असं असतंच, ज्यांच्या मुलाला परदेशातल्या निवासी शाळेत शिष्यवृत्ती मिळण्याची आशा असते. मी २००८ ते २०१० अशी दोन वर्षं इंग्लंडमधल्या एका निवासी शाळेत शिकले आणि आता परभणीतच एका महाविद्यालयात शिकवते. त्यामुळे अशा घरांना कुणीतरी माझा पत्ता देतं.

प्रश्न ठरलेले असतात. जेवणाचं कसं असतं? थंडी सोसते का? खर्च किती? मुलींना सुरक्षित आहे का? आणि शेवटी, आवाज जरा खाली आणून, मुलं परत येतात ना हो? हे सगळे प्रश्न रास्त आहेत आणि मी जमेल तशी उत्तरं देते. पण एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. तिथला दिवस कसा जातो, हा तो प्रश्न. सोळा वर्षांचं मूल घरापासून हजारो मैलांवर सकाळी उठतं तेव्हापासून रात्री दिवा मालवेपर्यंत नेमकं काय करतं, कुणाशी बोलतं, कुठे बसतं? माझा अनुभव असा, की मूल दूर गेल्यावर त्याला घराशी बांधून ठेवते ती याच प्रश्नाची दोरी.

म्हणून आधी तो दिवस सांगते. पावणेसातला घंटा व्हायची. शाळा एकच असली तरी मुलांची राहण्याची घरं वेगवेगळी होती. त्यांना 'हाउस'च म्हणतात. आमच्या हाउसमध्ये पन्नासेक मुली, त्यांच्यावर एक हाउसमिस्ट्रेस आणि कपडे, औषधं, आजारपण बघायला एक मेट्रन. खोलीत आम्ही तिघी. एक नायजेरियाची, एक हाँगकाँगची आणि मी परभणीची. साडेसातला न्याहारी. टोस्ट, दूध, दुधातले पोहे म्हणावेत तसे कॉर्नफ्लेक्स. मग प्रार्थनासभा, मग चारपर्यंत वर्ग. त्यानंतर खेळ, आणि खेळ सक्तीचा. पावसाची भुरभुर चालू असली तरी मैदानावर जायचं. सहाला रात्रीचं जेवण. सात ते नऊ 'प्रेप', म्हणजे सगळ्यांनी आपापल्या टेबलाशी बसून गुपचूप अभ्यास करायचा. साडेदहाला दिवे बंद. शनिवारीही सकाळी वर्ग. रविवार मोकळा, आणि म्हणून सगळ्यात लांब.

जाण्यापूर्वी शाळेकडून एक यादी आली होती. प्रत्येक कपड्यावर, मोज्यावर, टॉवेलवर नावाची पट्टी शिवलेली हवी, कारण धुणं सगळ्यांचं एकत्र होतं. माझ्या आईने परभणीत उन्हाळ्याच्या दुपारी बसून साठ-सत्तर पट्ट्या हाताने शिवल्या. माझ्या आडनावात 'ळ' आहे. तो अक्षरात तर 'एल' झालाच, पण तिकडे उच्चारातही त्याचा 'ल' झाला. इंग्रजीत 'ळ' नाहीच, त्याला कोण काय करणार? पहिले काही आठवडे मला वर्गात हाक मारली तरी ती मलाच मारलेली आहे हे चटकन कळायचं नाही.

अशा बारीकसारीक गोष्टींनीच तिथला दिवस भरलेला असतो. मीठ पुढे सरकवलं तरी 'थँक यू' म्हणायचं. आपल्याकडे आईने वाढलं म्हणून आभार मानले तर ती म्हणेल, काय गं, बरं नाही का तुला? ते शब्द माझ्या जिभेवर बसायला महिना गेला. मैत्रिणीच्या खोलीचं दार उघडं असलं तरी टकटक करून आत जायचं. शाकाहारी म्हटलं की पुढ्यात भाजलेला मोठा बटाटा, त्यात चीज, नाहीतर टोमॅटोच्या रसातल्या घेवड्याच्या बिया. पोट भरायचं, पण ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला जेवल्यासारखं वाटायचं नाही. आणि डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या सुमाराला सूर्य मावळायचा. मराठवाड्यात सावली शोधत वाढलेल्या मला, उन्हासाठी खिडकी शोधायची असते हे तिथे पहिल्यांदा समजलं.

ऑक्टोबरच्या शेवटी आठवडाभराची सुट्टी असते, तिला 'हाफ टर्म' म्हणतात. तेव्हा हाउस बंद होतं. इंग्रज मुली घरी जातात. परदेशी मुलींनी आपल्या पालक-प्रतिनिधीकडे, तिथल्या भाषेत 'गार्डियन'कडे, जायचं. इंग्लंडात राहणारं असं एक घर शाळेला आधीच कळवावं लागतं. माझं गार्डियन घर लंडनमधलं मराठी होतं, हे माझं नशीब. त्या वर्षीची दिवाळी नेमकी त्याच आठवड्यात आली. १९३२ साली स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाबद्दल मी शाळेत असताना वाचलं होतं. त्या दिवाळीत तिथे चकली खाल्ली. सुट्टी संपवून परत निघाले तेव्हा त्या घरच्या काकूंनी डब्यात लसणाची चटणी दिली. ती मी जानेवारीपर्यंत पुरवली.

आता फोनचं सांगते. तेव्हा हातातल्या फोनवर चेहरे दिसत नव्हते. रविवारी, इंग्लंडात सकाळ आणि परभणीत दुपार असताना, पंधरा मिनिटं बोलणं व्हायचं. तेही हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक आणि उन्हाळ्यात साडेचार, कारण तिकडे वर्षातून दोनदा घड्याळं पुढे-मागे करतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घरचे एक तास फोनजवळ ताटकळत बसले होते. फोनवर आई, बाबा, धाकटा भाऊ, शेजारच्या काकू, सगळे रांगेने. जेवलीस का? थंडी आहे का? अभ्यास कसा चाललाय? मी म्हणायची, हो, हो, ठीक आहे.

ते 'ठीक आहे' खोटं नव्हतं, पण पूर्णही नव्हतं. माझा सगळा दिवस इंग्रजीत घडत होता आणि त्यातल्या निम्म्या गोष्टींना घरात शब्दच नव्हते. प्रेप म्हणजे काय, हाउस म्हणजे काय, मेट्रन कोण, हे समजावण्यात पंधरांपैकी दहा मिनिटं गेली असती. मग मूल सोपा मार्ग धरतं. 'ठीक आहे' म्हणतं. असं महिनोन्‌महिने चाललं की अंतर मैलांचं राहत नाही. इकडच्यांना तिकडचा दिवस माहीत नसतो, आणि मुलालाही वाटू लागतं की तो सांगण्यासारखा नाहीच.

माझ्या बाबतीत ही दोरी तुटली नाही, त्याचं कारण माझी आजी. ती गंगाखेड तालुक्यात, गोदावरीकाठच्या आमच्या गावी राहायची. तिला फोनवर नीट ऐकू येत नसे, म्हणून ती पत्र लिहायची. चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर मोठं आणि ठसठशीत. पण तिला पत्राची किंमत ठाऊक होती, आणि ती का ठाऊक होती यामागे आमच्या भागाचा इतिहास आहे.

परभणी जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. वरचं शिक्षण घ्यायचं तर हैदराबाद गाठायचं. १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचं माध्यम उर्दू होतं. घरी मराठी बोलणारी आमच्याकडची मुलं मनमाड-हैदराबादच्या छोट्या रुळाच्या गाडीत बसून जायची आणि गणित, विज्ञान, इतिहास उर्दूतून शिकायची. देश तोच, संस्थानही तेच, पण भाषा, लिपी, जेवण, अदब सगळं निराळं. परदेशच तो एका अर्थी. माझे आजोबा त्यांतलेच एक. लग्न होऊन आजी आमच्या घरी आली तेव्हा ते हैदराबादला खोली करून राहत होते आणि खाणावळीत जेवत होते. त्यांचं पत्र महिन्याला यायचं. त्या काळच्या रीतीप्रमाणे वर 'येथील क्षेम', खाली 'तिकडील क्षेम कळवावे', आणि मध्ये पैशांचा हिशेब. आजी सांगायची, 'क्षेम कळायचं. पण यांचा दिवस कसा जातो ते काही कळायचं नाही. मनुष्य सुट्टीत घरी आलं की परकं वाटायचं.'

तिला ते पुन्हा होऊ द्यायचं नव्हतं. म्हणून तिने मला कसे आहात, बरे आहात, असलं कधी लिहिलंच नाही. तिच्या पत्रात प्रश्नच प्रश्न असायचे. सकाळी घंटा कोण वाजवतं, बाई का गडी? पन्नास पोरींची भांडी कोण घासतं? अंघोळीचं पाणी कशावर तापवतात? तुमच्या मास्तरीण बाईला लेकरं आहेत का? तिकडची माती कसल्या रंगाची आहे? गाई केवढ्या असतात? ती नायजेरियाची पोर घरी काय खाते, त्यांच्याकडे ज्वारी होते का?

या शेवटच्या प्रश्नाने मला पहिली मैत्रीण मिळवून दिली. मी खोलीतल्या मुलीला विचारलं. उत्तर नायजेरियात तर ज्वारी भरपूर पिकते, हे तिने सांगितलं. आजीला ते कळवलं तेव्हा तिने मोठ्या अक्षरात लिहिलं, 'म्हणजे पाहुणेच की आपले!' मग मी त्या मुलीला परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या 'परभणी मोती' या ज्वारीच्या वाणाबद्दल सांगितलं. टपोरा, मोत्यासारखा दाणा. आम्ही दोघी टोस्ट खात ज्वारीवर बोलत होतो.

उत्तरं लिहायची म्हणून मी दिवसाकडे नीट बघू लागले. भांडी घासायला कोण असतं हे बघायला स्वयंपाकघरात डोकावले, तर तिथल्या बाईंशी ओळख झाली. 'प्रेप'ला मराठीत काय म्हणावं यावर डोकं खाजवलं आणि शेवटी 'सांजअभ्यास' असं लिहिलं. पुढे आमच्या घरात तोच शब्द रूढ झाला. पत्र जायला आठ-दहा दिवस, उत्तर यायला तेवढेच. वीस दिवसांपूर्वीच्या प्रश्नाचं उत्तर येईपर्यंत दिवस बदललेला असायचा, पण त्याने काही बिघडलं नाही.

पहिल्या वर्षीच्या जानेवारीत मात्र एक गोष्ट घडली. नाताळची सुट्टी संपून शाळा उघडली होती, अंधार होता, वर्गातल्या मुलींचे घोळके ठरून गेले होते आणि मी कुठल्याच घोळक्यात नव्हते. परत जावं असं मनात घोळत होतं. फोनवर अर्थातच 'ठीक आहे'. त्याच सुमाराला आजीचं पत्र आलं. त्यात एक प्रश्न होता, 'जेवताना तुझ्या डाव्या हाताला कोण बसतं आणि उजव्या हाताला कोण?' मी बराच वेळ कागद पुढे घेऊन बसले. मग खरं तेच लिहिलं, की कुणी नाही.

तिने ते पत्र घेऊन परभणी गाठली नाही, की माझ्या आई-वडिलांना घाबरवलं नाही. तिने उत्तर लिहिलं. आपल्या गंगाखेडची जनाबाई लहानपणीच आई-बाप सोडून पंढरपूरला दामाशेटींच्या घरी राहिली, तिलाही पहिल्या दिवशी पंगतीत कुणी ओळखत नसेल, असं सुरुवातीला होतं. पुढे लिहिलं होतं, 'त्या खोलीत तुझ्यासारखी आणखी एखादी एकटी बसत असेल. बघ. असली तर तिच्या बाजूला जाऊन बस. काही बोलू नको, नुसती जेव.' मी बघितलं. कझाकस्तानची एक मुलगी खिडकीजवळ रोज एकटी बसायची. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षाही कमी होतं. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. तीन दिवस आम्ही नुसत्या जेवलो. चौथ्या दिवशी तिने मीठ पुढे केलं. पुढच्या पत्रात मी डाव्या हाताच्या मुलीचं नाव लिहू शकले.

मराठी लेकरू परदेशी शाळेत ठेवायचं तर त्याचा दिवस कुणाच्या हातात, हा प्रश्न काही आजचा नाही. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या तेव्हा त्यांची मुलगी मनोरमा दोन वर्षांची होती. वाँटेजच्या ज्या भगिनींच्या मठात त्या उतरल्या, तिथेच त्या वर्षी सप्टेंबरमध्ये मायलेकींनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पुढे रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकायला आणि शिकवायला गेल्या आणि मनोरमा बराच काळ वाँटेजच्या भगिनींकडे वाढली. रमाबाई आणि सिस्टर जेराल्डीन यांचा त्या काळचा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली इंग्रजीत प्रसिद्ध केला आहे. तो मी परत आल्यावर वाचला आणि थक्क झाले.

त्या पत्रांत धर्मतत्त्वांवरचे मोठे वाद आहेत, पण त्यांच्या शेजारीच आहाराच्या, राहणीच्या, लहान मुलीला काय शिकवावं आणि काय शिकवू नये याच्या गोष्टी आहेत. धर्म स्वीकारूनही रमाबाईंनी आपला शाकाहार सोडला नाही, आणि त्यावरून त्यांना बोलणीही ऐकावी लागली. मुलीबद्दल त्यांचं म्हणणं ठाम होतं. तिने आपल्या देशाच्या माणसांतली एक म्हणून वाढावं, आपण भारताच्या लेकी आहोत हे सांगताना तिला कमीपणा वाटू नये. मुलगी चार वर्षांची असताना हे त्यांनी लिहिलं! पदरी पैसा नाही, नवरा नाही, परका देश, मुलीला सांभाळणाऱ्यांचे उपकार डोक्यावर, अशा स्थितीत ही बाई मुलीच्या रोजच्या दिवसावरचा आपला हक्क सोडायला तयार नव्हती. मनोरमा पुढे अमेरिकेतही शिकली, परत आली आणि आईच्या कामात उभी राहिली. निजामाच्याच संस्थानात, गुलबर्ग्याला, मुलींची शाळा काढण्यात तिचा हात होता. १९२१ साली, आईच्या आधी काही महिने, ती वारली.

मूल परत आलं म्हणून पाठवणं यशस्वी झालं, असं मला म्हणायचं नाही. माझ्या वर्गातल्या किती तरी मुली तिकडेच राहिल्या आणि त्यांची घरं त्यांना दुरावली नाहीत. उलट, परत येऊनही आपल्याच घरात पाहुण्यासारखी वावरणारी मुलं मी पाहिली आहेत.

हा प्रवास उलट्या दिशेनेही होतो, हे आपण विसरतो. पुणे जिल्ह्यात मुळशीच्या डोंगरात, पौडजवळ, १९९७ पासून महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज ही निवासी शाळा आहे. १९६२ साली वेल्समध्ये पहिली शाळा काढून सुरू झालेल्या या शिक्षणचळवळीच्या आज जगभर अठरा शाळा आहेत. अनेक देशांतली सोळा ते एकोणीस वयाची मुलं तिथे एकत्र राहून दोन वर्षांचा आयबी अभ्यासक्रम शिकतात, आणि घरच्या परिस्थितीनुसार शिष्यवृत्तीही मिळते. परभणीच्या पालकांना मी हे आवर्जून सांगते. त्या आयबीत एक चांगली सोय आहे. शाळेत तुमच्या भाषेचा शिक्षक नसला, तरी आपल्या मातृभाषेतलं साहित्य स्वतः अभ्यासण्याची वाट ठेवलेली आहे. मुलाच्या दिवसात त्याच्या घरच्या भाषेला एक तास असावा, हे जगभरच्या मुलांना एकत्र शिकवणाऱ्यांनाही पटलेलं आहे. मुळशीतल्या त्या मुलांना आपला पाऊस, आपला तिखटपणा, आपला न टकटकता आत येण्याचा स्वभाव तितकाच नवा असणार.

आता काळ बदलला. हातातल्या फोनवर रोज चेहरा दिसतो. पण येणारे पालक सांगतात, अहो, रोज बोलतो, पण दोन मिनिटांत विषय संपतो. संपणारच. चेहरा दिसला म्हणजे क्षेम कळलं. दिवस कळायला विचारावं लागतं. म्हणून मी त्यांना आजीची रीत सांगते. 'कसा आहेस' हे एकदाच विचारा आणि मग छोटं काहीतरी विचारा. आज जेवायला बाजूला कोण होतं? तुझ्या खोलीची खिडकी कुठल्या दिशेला आहे? धुणं कोणत्या दिवशी असतं? तुझ्या मित्राची आई काय करते? गुणांचं नंतर. उत्तरात अनोळखी इंग्रजी शब्द आला तर 'असू दे' म्हणून सोडू नका, त्याचा अर्थ विचारा आणि त्याला घरचा एक शब्द शोधा. आणि उत्तर वाईट आलं तर लगेच तिकीट काढू नका, लगेच उपदेशही करू नका. आधी आणखी एक प्रश्न विचारा.

हे सांगायला इंग्लंडच हवं असं नाही. लातूरच्या शिकवणीत बाराशे मुलांत बसणाऱ्या मुलालाही डाव्या-उजव्या हाताला कुणीतरी लागतं. आणि आपल्या परभणीत तरी काय? वसमत रस्त्याच्या आसपास, कृषी विद्यापीठाच्या बाजूला, कितीतरी घरांच्या माडीवर तांड्या-वस्त्यांतून आलेली मुलं खोली करून राहतात. आमच्या घरमालकीण शेजारणीने या वर्षी वरच्या खोलीतल्या दोन मुलींना विचारलं, की तुमच्याकडे आमटीला फोडणी कशाची देता? त्यातल्या एकीने तिला स्वयंपाकघरात येऊन करूनच दाखवली.